ट्रेकला सगळे आपल्यापेक्षा शिकलेले असले की गाडीत काय बोलायचं?

टूलरूमवाला

नमस्कार मंडळी. लिहू की नको करता करता आज लिहितोय, सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळी आहे.

मी चाकणला एका कंपनीत टूलरूमला आहे, म्हणजे साचे (डाय) बनवायचा विभाग. आयटीआय फिटर, वय ३८, घरी बायको, दोन मुली, भोसरीत वन बीएचके, अर्थातच हप्त्यावर. हे पैशाचं रडगाणं नाही, घर नीट चाललंय. विषय जरा वेगळाय.

मला गडकिल्ल्यांचं वेड पहिल्यापासून. आधी कंपनीतलेच चार जण बाईकवर जायचो, मग एकेकाची लग्नं झाली, एकाचे गुडघे बोलायला लागले, एक गावाला परत गेला. तेव्हा एका ओळखीच्याने पुण्यातल्या एका ट्रेक ग्रुपमध्ये घातलं. आयटीवाले, एक डॉक्टर बाई, एक सीए, दोघं-तिघं बिझनेसवाले. माणसं चांगली आहेत हे आधीच सांगतो, आजपर्यंत कुणी एका शब्दानं दुखावलेलं नाही आणि तीच तर पंचाईत आहे, कुणी काही बोललं असतं तर मीपण दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो.

होतं काय की पहाटे वाकडच्या पुलाखाली गाडीत बसलो की खेड शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत जे बोलणं चालतं त्यात मला शिरायला जागाच नसते. कुणाचे शेअर्स व्हेस्ट झाले, कुणाच्या टीममध्ये ले-ऑफ, मुलाला आयबी बोर्ड घ्यावं की सीबीएसई बरं, भाची कुठल्या युनिव्हर्सिटीत गेली. मी खिडकीतून बाहेर बघत बसतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं आणि मुद्दाम मला बोलण्यात घेतात, "दादा तुम्ही कुठल्या कॉलेजचे?" मी सांगतो, औंध आयटीआय. "अरे वा, मस्त!" आणि मग सगळे गप्प. लहान पोरानं रेघोट्या ओढून दाखवल्यावर आपण म्हणतो ना अरे वा, तसं ते अरे वा.

आणि हे दादा. गाडीत सगळे माझ्याच वयाचे, एक दोघं तर मोठेच असतील, पण आपापसात नावानं अरे-तुरे आणि मला दादा, तुम्ही. सिलिंडरवाल्याला म्हणतो तसं.

गंमत म्हणजे डोंगरावर हे सगळं उलटं होतं. मागे हरिश्चंद्रगड केला, बेलपाड्यावरून नळीच्या वाटेने. ज्यांना माहितीय त्यांना माहितीय, पाचनईकडून चालत जाणं वेगळं आणि नळीत हातापायांनी चढणं वेगळं. तिथे पॅच, म्हणजे उभ्या कातळाचा अवघड टप्पा, आला की मी पुढे. रोप लावला की सगळे विचारणार, दादांनी बघितलंय ना? मग ठीक. तासन् तास तिथे मी कोण कुठला काही प्रश्न नाही. पण खाली उतरून हायवेच्या हॉटेलात टेबलावर बसलो की मी परत टेबलाच्या टोकाला.

त्या दिवशी मी बेलपाड्यात जेवलो होतो पोटभर, त्यामुळे नुसता चहा घेतला. रात्री ग्रुपवर मेसेज, प्रत्येकी ७४०. पाठवले मी. नाही असं नाही, देता येतात. पण ७४० म्हणजे माझ्या घरी जवळजवळ आठवड्याचं दूध आणि भाजी, आणि हे बायकोला सांगायचं कसं की मी एक चहा प्यायलो ७४० चा. आणि ग्रुपवर बोलायचं कसं की मी चहाच घेतला होता. बोललो असतो तर त्यांनी लगेच "अरे सॉरी सॉरी दादा तुम्ही नका देऊ" केलं असतं, ते तर त्याहून वाईट.

ग्रुप सोडावा का? की मीच फार विचार करतोय? तुमच्यापैकी कुणाला असं होतं का.

---

सह्यवेडी

तुम्ही नळीच्या वाटेला रोप लावता आणि तुम्हाला न्यूनगंड! अहो मला तर पाचनईच्या वाटेलाच धाप लागते. सोडू नका ग्रुप. बाकी त्या ७४० वर सविस्तर लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

---

स्पष्टवक्ता_०७

रोखठोक बोलतो राग मानू नका. कुणी काही बोललेलं नाही, कुणी अपमान केलेला नाही, उलट मान देऊन दादा म्हणतात आणि तुम्ही त्यातही खोट काढताय. प्रॉब्लेम तुमच्या डोक्यात आहे. ज्याला कमीपणा वाटायचाच त्याला राजवाड्यात बसवला तरी वाटेल. आत्मविश्वास वाढवा, इंग्लिश सुधारा, वाचन करा.

---

परभणीकर

स्पष्टवक्ते, हे असलं बोलायला सोपं असतंय. मी परभणीहून पुण्याला आलो तवा पहिल्या महिन्यात मला चार प्रश्न हमखास विचारले जायचे: गाव कोणतं, आडनाव काय, शाळा कोणती, मीडियम कोणतं. चौघांत एकाचं जरी उत्तर चुकलं की समोरचा एकदम प्रेमळ व्हायचा. लै प्रेमळ. शिव्या परवडल्या पण ते प्रेम नको वाटायचं. डोक्यात नसतंय ते भाऊ, समोरच्याच्या चेहऱ्यावर असतंय, आपण फक्त वाचतो.

टूलरूमवाला दादा (बघा मी पण दादाच म्हणलो, पण आमच्याकडं सगळेच दादा असतेत), ग्रुप सोडू नका.

---

एडिसनची_सून

वाचता वाचता घशाशी आलं एकदम. मी एम.ए. मराठी, लातूर. लग्न होऊन न्यू जर्सीला आले एच-फोर व्हिसावर. म्हणजे नवरा एच-वन वर काम करणार आणि मी घरी, मला नोकरी करायला कायद्यानेच बंदी. २०१५ पासून काही जणींना परवानगी मिळायला लागली, पण ती ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल एका टप्प्यापुढे गेलीय त्यांनाच, आमची तेव्हा गेलेली नव्हती. तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, पहिला प्रश्न "सो व्हॉट डू यू डू?" मराठी बाईच मराठी बाईला विचारते हां हे. मी म्हणायचे घरीच असते. "ओह नाइस! मज्जा आहे तुझी." आणि मग तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कोण आलंय ते बघायला लागायची.

आणि माझं शिक्षण कमी नाहीये हो. दोन वर्षं ज्युनियर कॉलेजला शिकवलंय मी. पण तिथे त्या डिग्रीची किंमत शून्य, त्यामुळे मी पण शून्य. तेव्हा किती शिकलो यापेक्षा त्या खोलीत कुठलं शिक्षण चालतं हा खरा प्रश्न आहे. तुमच्या गाडीत फिटरचं शिक्षण चालत नाही, कड्यावर चालतं.

---

टूलरूमवाला

एडिसनताई, शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली तुझं नशीब तुला कडा तरी आहे.

स्पष्टवक्ते साहेब, राग नाही. पण आत्मविश्वास कमी आहे असं मला नाही वाटत. कंपनीत डायला निळा रंग लावून दोन भाग नीट बसतात का ते जुळवताना मी साहेबालाही सांगतो की आत्ता हात लावू नका. नवीन जीईटी (ट्रेनी) येतात, इंजिनियर होऊन, चकचकीत सेफ्टी शूज घालून, मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, इतका आवळतात की जॉब दोन-तीन शतांश मिलिमीटर कमीच दाखवणार. त्यांना रॅचेट फिरवून टकटक ऐकायला मीच शिकवतो. दोन वर्षांनी तोच माझा साहेब होतो आणि माझ्या रजेच्या अर्जावर सही करतो. याचंही मला काही वाटत नाही, सिस्टीमच तशी आहे. कंपनीत निदान कोण कुठे बसणार ते ठरलेलं असतं, ते एक बरं असतं. ट्रेकला आपण म्हणतो सगळे मित्र आणि मित्रांत मात्र न लिहिलेल्या खुर्च्या असतात.

---

डिप्लोमा_होल्डर

आयटीआयवाल्यांना डिप्लोमावाले हसतात, डिप्लोमावाल्यांना डिग्रीवाले, डिग्रीवाल्यांना सीओईपीवाले (पुण्याचं जुनं सरकारी इंजिनियरिंग कॉलेज), त्यांना आयआयटीवाले, आणि आयआयटीवाल्यांना त्यांची बायको. हलके घ्या.

सिरियसली सांगायचं तर हे इंजिनियरचं एवढं पीक आलं कुठून ते बघा. आमच्या मोठ्या मामाच्या वेळी महाराष्ट्रात इंजिनियरिंग कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळे हुशार असून सीट न मिळालेले ढिगानं होते. १९८३ ला वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खाजगी कॉलेजांना परवानगी दिली आणि दारं उघडली. चांगलंच झालं, माझ्यासारखे अनेक त्यातनंच पुढे आले. पण दार उघडलं ते फी भरणाऱ्याला. गाडीत बसलेल्या सगळ्यांच्या डोक्यात मात्र असं पक्कं असतं की आम्ही मेरिटवर इथे आलो आणि हा नाही आला. आणि मजा म्हणजे ते दार उघडणारे दादा स्वतः फारसे शाळा शिकलेले नव्हते.

---

टूलरूमवाला

हे मात्र खरंय. मला दहावीला ७१ टक्के होते, आमच्या वस्तीत तेव्हा पेढे वाटण्यासारखे. सायन्सला जा म्हणून सर घरी आले होते. पण वडील भोसरीतच प्रेस शॉपला, पाठची दोन भावंडं, आणि आयटीआय करून अप्रेंटिसला लागलो की महिन्याला स्टायपेंड चालू. दोन वर्षं शिकायचं आणि मग हातात पैसे, की सहा वर्षं शिकायचं आणि वर पैसे द्यायचे, याच्यात चर्चाच झाली नाही घरी. त्याचं दुःख वगैरे नाही. फक्त "मग पुढे का नाही शिकलात" असं कुणी गोड आवाजात विचारलं की एवढं सगळं कुठून सांगायचं.

---

गुरुजी_सातारा

टूलरूमवाले, आपण लिहिता उत्तम. मी निवृत्त मुख्याध्यापक, रयत शिक्षण संस्थेत हयात गेली, तेव्हा कर्मवीरांचा विषय माझ्याकडून निघणारच, सहन करा.

भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाहीत. ओगल्यांच्या काचेच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत गावोगाव हिंडले. १९१९ साली कराडजवळच्या काल्यात त्यांनी संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं. त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीत जेवायची, आणि त्या काळात ही काही लहान गोष्ट नव्हती. १९२७ ला गांधीजी ते बघून गेले. पुढं पुणे विद्यापीठानं भाऊरावांना डी.लिट. दिली, १९५९ साली, त्याच वर्षी ते गेले.

पण मला सांगायचंय ते पंगतीबद्दल. पोरं एकत्र जेवली म्हणून एक झाली असं लोक समजतात. आधी ती एकत्र राबली. दळण, स्वयंपाक, शेतातलं काम, सगळं सगळ्यांनी करायचं, त्यात कुणाला सूट नाही. एकमेकांच्या हाताला काय येतं ते बघून झाल्यावर मग पंगत. तुमच्या ग्रुपात कष्ट डोंगरावर आणि गप्पा गाडीत, दोन्हीची गाठच पडत नाही. कड्यावर काय केलं ते गाडीत बोलतं का कुणी?

---

टूलरूमवाला

गुरुजी नमस्कार. नाही बोलत. फोटो टाकतात मात्र. फोटोत मी कमीच असतो कारण रोप मी धरलेला असतो.

---

कविताप्रेमी_जळगाव

अहो बहिणाबाई तर शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या आणि आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे! शिक्षणानं माणूस मोठा होत नाही. सकारात्मक राहा.

---

टूलरूमवाला

ताई बहिणाबाईंबद्दल आदर आहेच, पण मला बहिणाबाई नाही व्हायचं हो, मला शनिवारी राजगडला जायचंय.

---

सह्यवेडी

हसून हसून पुरेवाट!

आता ७४० बद्दल. मी बँकेत आहे, आमच्याकडे दोन पगार, सांगायला लाज नाही की मला ७४० जाणवत नाहीत. पण आमच्या ग्रुपमध्ये पण हेच चालतं आणि मी शाकाहारी, न पिणारी, तरी समान वाटप. मी एकदा बोलले की ज्याने त्याने आपापलं द्या, तर "किती हिशोबी" म्हणून चेष्टा झाली. मला चेष्टा परवडते कारण कुणी असं समजणार नाही की हिच्याकडे पैसे नाहीत. टूलरूमवाला तेच वाक्य बोलले तर त्याचा अर्थ वेगळा घेतला जाणार. म्हणून माझं मत, हा विषय ज्यांना परवडतं त्यांनी काढला पाहिजे.

---

बाणेरकर

मी तो गाडीतला दुसऱ्या बाजूचा माणूस आहे असं समजा. आयटी, बाणेर, दोन गाड्या, शिव्या घाला.

दोन गोष्टी. पहिली, आम्हीपण तिथे फार सुखात बसलेले नसतो. शेअर्स व्हेस्ट झाले हे जो सांगतो तो बाकीच्यांना सांगत नसतो, तो त्याच्याहून वरच्या कुणाला तरी मनात उत्तर देत असतो. माझ्या बॅचचे अर्धे बे एरियात आहेत, त्यांच्या ग्रुपवर मी टेबलाच्या टोकाला असतो.

दुसरी, ते "अरे वा मस्त" नंतरचं गप्प बसणं. ते तुच्छतेनं नसतं, म्हणजे निदान माझ्या बाबतीत नाही. पुढे काय विचारावं तेच कळत नाही. कॉलेज सांगितलं असतं तर मला दहा प्रश्न येतात, हॉस्टेल कुठलं, अमुक सर होते का, तमुक माहितीय का. फिटर म्हटलं की मला पुढचा प्रश्नच येत नाही, कारण मी इंजिनियर असूनही फिटर दिवसभर काय करतो याचा मला पत्ता नाही. मायक्रोमीटर आम्ही कॉलेजात एका प्रॅक्टिकलला हातात घेतला असेल, जर्नल मात्र पूर्ण होतं.

---

परभणीकर

बे एरियातल्या मित्रांमुळं बाणेरकर दुःखी. रुमाल द्या रे कुणीतरी.

---

टूलरूमवाला

नाही नाही परभणीकर, ते बोलले ते पटलं मला. पुढचा प्रश्न येत नाही हे एकदम बरोबर आहे. माझंपण तेच होतं ना. ते म्हणतात शेअर्स व्हेस्ट झाले, मला व्हेस्ट म्हणजे काय ते कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. म्हणजे दोन्हीकडून प्रश्न अडलेला. फरक एवढाच की त्यांना फिटर माहीत नसला तर त्यात त्यांना कमीपणा नाही, मला व्हेस्ट माहीत नसलं तर मला आहे.

बे एरियाचं दुःख मात्र समजून घ्यायला जरा जड जातंय साहेब, हप्ता गेल्यावर बघतो.

---

बाणेरकर

मान्य. व्हेस्ट म्हणजे कंपनी शेअर देते पण लगेच नाही, काही वर्षं थांबलात तर हप्त्याहप्त्यानं तुमच्या नावावर होतात. मधेच नोकरी सोडली तर राहिलेले गेले. थोडक्यात माणूस पळून जाऊ नये म्हणून बांधलेली दोरी.

---

टूलरूमवाला

म्हणजे दिवाळीचा बोनस हातात पडेपर्यंत नोकरी सोडत नाही तसं. एवढंच होय.

---

चाळीतली

माझे वडील गिरणीत होते, लालबाग. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. अडीच लाख कामगार घरी बसले, तो संप कधी संपला असं कुणी सांगतच नाही, संपला नाहीच तो, विरला. हे सांगायचं कारण असं की त्याच्याआधी आमच्या मजल्यावर सगळे सारखेच होते. बहुतेक घरात गिरणीवाले, एक पोस्टातले, एक बँकेतले. माझे वडील तर गिरणी सुटल्यावर रात्रशाळेत जाऊन एसएससी झालेले, मजल्यावर अर्ज लिहून घ्यायला लोक त्यांच्याकडे यायचे. आणि संपानंतर दोन वर्षांत तेच वडील बँकवाल्या काकांच्या समोरून जाताना पायातल्या चपलांकडे बघत जायचे. शिक्षण तेवढंच होतं ना? एका अक्षराने कमी झालं नव्हतं. पगार गेला आणि त्याच्याबरोबर शिकलेपण पण गेलं.

म्हणून मला कुणी म्हणालं की हा शिक्षणाचा कॉम्प्लेक्स आहे की पैशाचा, तर मला ते वेगळं करताच येत नाही.

---

स्पष्टवक्ता_०७

भावनिक झालं सगळं. मी मुद्द्याचं बोलतो. एवढी खंत आहे तर डिग्री घ्या ना. मुक्त विद्यापीठ आहे कशाला? घरबसल्या बीए बीकॉम होतं.

---

भिशीवाली

मी घेतली आहे स्पष्टवक्ते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ पासून आहे, माझ्यासारख्या मधेच शाळा सुटलेल्या बायकांना त्यानेच परत पुस्तकाला लावलं, त्याचं ऋण आहे. मी दहावी नापास, त्यांची पूर्वतयारी परीक्षा दिली आणि मग बीए. अभ्यासकेंद्रावर रविवारी तास असायचे, माझ्या बाकावर एक पोलीस हवालदार आणि एक अंगणवाडीताई. पहाटे डबे करून मग जायचे.

झाले मी बीए. आमच्या सोसायटीच्या भिशीत सगळ्या डिग्रीवाल्या, दोन तर एमबीए. त्यांना मी सांगितलंच नाही, कारण सांगितलं असतं तर आधी हे कळलं असतं की इतके दिवस नव्हते. आणि "मुक्त विद्यापीठातून का, छान छान" हे मला ऐकायचं नव्हतं. डिग्री घ्याच, ज्ञान मिळतं, मला इतिहास फार आवडला. पण भिशीत बसून आवाज मोठा व्हावा म्हणून घेणार असाल तर तसं काही होत नाही. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आईचं शिक्षण या रकान्यात लिहिताना मात्र मी जरा ठळक लिहिते.

---

एडिसनची_सून

भिशीवाली ताई, तो फॉर्मचा रकाना!! मिठी.

---

नाशिकची_रानवाट

उशिरा आले धाग्यावर. आमचा नाशिकचा ग्रुप आहे, त्यात शिक्षिका आहेत, एक डॉक्टर, एक भाजीचा गाळा असलेले काका, दोन कॉलेजची पोरं, सगळी भेळ. हा प्रश्न आमच्याकडे सुरुवातीला आला होता. पोरं एकेक करून यायची बंद झाली, कारण विचारलं तर "घरी काम आहे". मग लक्षात आलं की काम नाही, खर्च. तेव्हापासून नियम केला:

खर्चाचा आकडा निघायच्या आधी जाहीर. त्यात प्रवास आणि गावातलं जेवण एवढंच. परतीला हॉटेलात थांबलं तर ते ज्याचं त्याने, वेगळं बिल, आणि ज्याला नाही खायचं त्याने खुशाल डबा काढायचा. जिथे एसटी जाते तिथे एसटीनेच. आमच्यातल्या बायका तर एसटीचाच हट्ट धरतात, २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे ना.

एसटीचा आणखी एक फायदा अनुभवाने सांगते. गाडीत पाच जण कोंडले की एकच गप्पा चालतात आणि त्या ज्याची गाडी त्याच्या असतात. एसटीत माणसं सुटी सुटी बसतात. कुणी झोपतो, कुणी शेजारच्या आजीशी बोलतो. तुमच्या खेड शिवापूरपर्यंतच्या त्रासाला निम्मं औषध तेच आहे.

---

परभणीकर

ज्याची गाडी त्याच्या गप्पा. लाख बोललात ताई.

---

सह्यवेडी

+१ नियमांना. टूलरूमवाला, तुम्ही हे ग्रुपवर "मला परवडत नाही" असं न म्हणता "पुढच्या ट्रेकपासून आकडा आधी सांगू या" एवढंच टाका. सूचना म्हणून. कारण देऊच नका. कारण दिलं की लोक कारणावर चर्चा करतात.

---

गुरुजी_सातारा

सूचना सुज्ञ आहे. शिवाय रोप लावणाऱ्यानं तांत्रिक बाजूही मांडावी. पुढल्या वेळी निघण्यापूर्वी सगळ्यांना दोन गाठी शिकवा, खाली सपाटीवर. शिकवणाऱ्याला टेबलाच्या टोकाला बसवत नाहीत.

---

टूलरूमवाला

गुरुजी, शिकवतो मी. फिगर ऑफ एट एव्हाना सगळ्यांना यायला पाहिजे होती पण दर वेळी परत विसरतात, म्हणतात दादा आहेत ना. यात दोष कुणाचा ते तुम्हीच सांगा.

बरं, शिफ्टला निघायच्या आधी ग्रुपवर टाकलं. सह्यवेडींनी सांगितलं तसंच, कारण न देता. "राजगडपासून खर्च आधी ठरवू. प्रवास + गुंजवण्यात जेवण. हॉटेल ज्याचं त्याने." अर्ध्या तासात सहा अंगठे आले. सीए म्हणाला चांगली आयडिया, मी शीट बनवतो. डॉक्टर बाईंनी काहीच लिहिलं नाही. एकाने लिहिलं "का रे काय झालं?" त्याला उत्तर दिलं नाही अजून. पण का रे लिहिलंय, का हो नाही, हे आत्ता टाइप करताना लक्षात आलं.

एसटीचं विचारलं तर दोघं तयार, बाकीचे म्हणतात पहाटेची गाडी सोयीची नाही. तर कारच ठरली. आता सीए विचारतोय की कारचा खर्च कसा धरायचा. मला वाटतं डिझेल भागिले माणसं.

---

बाणेरकर

नुसतं डिझेल धरू नका, गाडीवाल्यावर अन्याय होतो. टायर, सर्व्हिसिंग, त्या शेवटच्या रस्त्याने सस्पेन्शनची लागते वाट. किलोमीटरमागे रेट ठरवा.

---

परभणीकर

आले बघा. आत्ता दुःखी होते, आता सस्पेन्शन काढलं.

---

नाशिकची_रानवाट

आम्ही डिझेल + टोल, आणि गाडीवाल्याचं जेवण बाकीच्यांकडून. रेट काढायला गेलो होतो एकदा, भांडणं झाली. आणि चालवणाऱ्याला परतीला झोप येते त्याचं काय, ते कुठल्या शीटमध्ये बसतं?

---

डिप्लोमा_होल्डर

डिझेल धरताना कंपनीने सांगितलेलं मायलेज धरू नका, घाटात निम्मं पडतं. टाकी फुल करून निघा, आल्यावर परत फुल करा, तो आकडा खरा.

---

टूलरूमवाला

फुल टू फुल बरोबर आहे, सीएला सांगतो. टोल जाता-येता दोन्ही धरायचा ना? आणि एक जण सिंहगड रोडवरून मधेच बसतो, नाक्याच्या अलीकडे, त्याला वाकडपासूनचं डिझेल लावायचं की नाही?

---

सह्यवेडी

लावायचं. गाडी त्याच्यासाठी पण थांबते.

---

परभणीकर

नाही लावायचं. पण चहा त्याच्याकडून घ्यायचा, ७४० चा.